अमेझॉनच्या कडेला: पहिल्यांदाच रुरेनाबाकेला जाणाऱ्यांसाठी

रुरेनाबाकेला जायचं ठरवलंत तर दोन गोष्टी गरजेपेक्षा जास्त घेऊन जा: दिवस आणि सुटे पैसे. बाकीचं बहुतेक सगळं तिथे विकत मिळतं, भाड्याने मिळतं किंवा त्याच्यावाचून अडत नाही. हे दोन मात्र कमी पडले की सहल बिघडते, कारण इथलं वेळापत्रक पाऊस, नदी आणि रस्त्यावरचं आंदोलन हे तिघे मिळून ठरवतात.

हे गाव बोलिव्हियाच्या उत्तरेला, बेनी नदीच्या उजव्या काठावर आहे. अँडीजच्या शेवटच्या टेकड्या इथे संपतात आणि पलीकडे गवताळ सपाटी सुरू होते. अमेझॉन म्हटलं की आपल्याला ब्राझील आठवतं, पण बेनीचं पाणीही मादेइरा नदीवाटे शेवटी अमेझॉनलाच मिळतं. गावाची उंची समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे मीटर. स्थानिक लोक नुसतं 'रुरे' म्हणतात. समोरच्या काठावर सान बुएनाव्हेंतुरा हे जुळं गाव आहे, पण ते ला पास विभागात मोडतं आणि रुरे बेनी विभागात. नदी ही दोन्ही विभागांची हद्द. ही माहिती पुढे उद्यानाच्या कार्यालयात जाताना उपयोगी पडेल.

आधी महिना ठरवा

साधारण नोव्हेंबर ते मार्च पावसाळा, मे ते ऑक्टोबर कोरडा काळ. पावसाळ्यात विमानं रद्द होतात, दरडी कोसळतात आणि डासांची चंगळ असते. २०१४च्या सुरुवातीला तर बेनी विभागात पुराने हाहाकार उडाला होता.

मग कोरड्या काळात केव्हाही जावं का? इथे एक मेख आहे. ऑगस्टपासून पुढे शेतं आणि कुरणं साफ करायला आगी लावतात. धूर इतका दाटतो की विमानं उतरू शकत नाहीत. २०२३मध्ये पाऊस लांबला आणि ह्या आगी थेट रुरेच्या आसपासच्या जंगलात शिरल्या. त्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्याने मे, जून किंवा जुलै निवडावा असं माझं मत. प्राणी सप्टेंबरच्या सुमाराला जास्त दिसतात हे खरं, कारण पाणी आटून सगळे उरलेल्या डबक्यांपाशी जमतात. पण धुरकट आभाळाखाली डोळे चोळत ते बघण्यात मजा नाही.

जून-जुलैत 'सुरासो' नावाचा दक्षिणेकडचा गार वारा मधूनच येतो. आदल्या दिवशी घामाने निथळत असलेला माणूस दुसऱ्या दिवशी उघड्या होडीत कुडकुडतो. जंगलात जायचं म्हणून स्वेटर घरी ठेवू नका.

भारतातून निघण्याआधी

पहिलं काम पीतज्वराची (यलो फीवरची) लस. ही चालढकल करायची गोष्ट नव्हे. बोलिव्हिया पीतज्वराच्या देशांत मोडतो, आणि तिथून सहा दिवसांच्या आत भारतात परतणाऱ्याकडे लसीचा दाखला नसेल तर विमानतळावरून थेट विलगीकरणात जावं लागतं. म्हणजे दाखला जाताना विचारला नाही तरी येताना विचारतील. लस कोणत्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रांतच मिळते. मुंबईत विमानतळ आणि बंदर आरोग्य कार्यालयांत, गोव्यात मुरगाव बंदराच्या आरोग्य कार्यालयात. आधी वेळ घ्यावी लागते. दाखला टोचून घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतो आणि मग आयुष्यभर चालतो. साठी उलटलेल्यांनी आणि अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं.

त्याच भेटीत मलेरियाच्या गोळ्यांचंही विचारून घ्या. आपल्या आज्यांच्या पिढीला ठाऊक असलेलं 'कोयनेल' (क्विनाईन) ज्या सिंकोनाच्या सालीतून यायचं, तिची नामांकित जात ह्याच बेनीच्या खोऱ्यातली. मान्वेल इंक्रा मामानी ह्या स्थानिक माणसाने गोळा केलेलं बियाणं १८६५मध्ये चार्ल्स लेजर ह्या इंग्रज व्यापाऱ्यामार्फत बाहेर गेलं, डचांनी ते जावात लावलं आणि जगाचा क्विनाईनचा बाजार तिथून चालला. मामानीच्या वाट्याला तुरुंग, मारहाण आणि मृत्यू आला.

व्हिसाचे नियम बदलत राहतात. दिल्लीत बोलिव्हियाचा दूतावास आहे, तिथून लेखी उत्तर मिळवा आणि त्याची प्रत जवळ ठेवा. साओ पाउलो किंवा युरोपमार्गे जाणार असाल तर तिथल्या ट्रान्झिट व्हिसाचंही बघा. प्रवास विमा घेताना दुर्गम भागातून हलवण्याचा खर्च त्यात आहे ना, हे पॉलिसीत शोधा. गावात इस्पितळ आहे, पण गंभीर दुखण्यासाठी ला पास किंवा सांता क्रूस ही मोठी शहरं गाठावी लागतात.

पैशाचं प्रकरण जरा गुंतागुंतीचं आहे. चलन बोलिव्हियानो. २०११पासून डॉलरचा अधिकृत विक्रीदर वर्षानुवर्षं ६.९६वर बांधलेला होता. २०२३पासून देशात डॉलरची टंचाई झाली आणि बाजारातला भाव अधिकृत दरापासून बराच दूर गेला. अशा काळात कार्डाने पैसे काढणाऱ्यापेक्षा रोख डॉलर नेणारा फायद्यात राहतो. निघायच्या आठवड्यात ताजी स्थिती बघा. नोटा कोऱ्या करकरीत हव्यात, घडीवर जराशी फाटलेली नोटसुद्धा परत करतात. ला पास किंवा सांता क्रूसमध्येच डॉलर मोडून घ्या आणि दहा-वीस बोलिव्हियानोच्या नोटा मागून घ्या. रुरेत एटीएम आहे, पण त्याच्या भरवशावर राहू नका. शंभराची नोट पुढे केली की होडीवाला, रिक्षावाला, फळवाली सगळ्यांचं एकच उत्तर: 'नो आय काम्बियो', सुटे नाहीत.

चार्जरची चिंता नको. वीज आपल्यासारखीच २२०-२३० व्होल्टची, आणि आपली बारीक दोन-पिनी बहुतेक ठिकाणी बसते. तीन-पिनी मात्र बसत नाही.

पोचायचं कसं

मुंबईहून एक सोयीची वाट म्हणजे अदिस अबाबामार्गे साओ पाउलो, तिथून सांता क्रूस आणि मग ला पास. सांता क्रूस सखल भागात आहे, तिथे एक रात्र काढून झोप भरून घ्या. घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे लावायचं असतं.

ला पासचा विमानतळ एल आल्तो इथे, चार हजार मीटरहून अधिक उंचीवर आहे. पहिल्या दिवशी डोकं दुखणं, धाप लागणं, भूक जाणं हे होणारच. हळू चाला, भरपूर पाणी प्या, दारू टाळा. हॉटेलात कोकाच्या पानांचा चहा देतात, तो तिथे कायदेशीर आहे. हृदयाचा किंवा फुप्फुसांचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा मार्ग धरूच नका.

ला पासहून रुरेला जायला दोन पर्याय. छोटं विमान पाऊण तासाच्या आत उतरवतं. बर्फाची शिखरं, मग ढग, मग हिरवं जंगल आणि त्यातून वळसे घेत जाणारी तपकिरी नदी, हे सगळं एवढ्यात बघून होतं. विमानसेवा मात्र लहरी. कंपन्या बदलतात, फेऱ्या कमी-जास्त होतात, हवामान बिघडलं की रद्द.

दुसरा पर्याय बस. व्हिया फातिमा भागातल्या मिनासा स्थानकावरून ती सुटते. अंतर चारशे किलोमीटरच्या वर, वेळ कोरड्या दिवसांत बारा ते पंधरा तास, पावसात काहीच सांगता येत नाही. ला कुंब्रेची साडेचार हजार मीटरहून उंच खिंड ओलांडून गाडी युंगासच्या दऱ्यांत उतरते. कुप्रसिद्ध 'मृत्यूचा रस्ता' तो हाच का, असं सगळे विचारतात. नाही; त्याला वळसा घालणारा नवा रस्ता झाल्यापासून जुन्यावर मुख्यतः सायकलवाले हौशी उतरतात. पण पुढे कारानाव्ही आणि युकुमोपर्यंतची वळणंही काही कमी नाहीत. बसमध्ये स्वच्छतागृह नसतं किंवा कुलूपबंद असतं. गाडी थांबेल तिथे उतरायचं, लाजायचं नाही.

माझा सल्ला विचाराल तर जाताना विमान, येताना हवी तर बस. जाताना बस धरली तर थकवा जंगलात सोबत येतो.

दोन्हीकडे लागू होणारी गोष्ट म्हणजे 'ब्लोकेओ', म्हणजे रास्ता रोको. बोलिव्हियात मागणी कसलीही असो, रस्त्यावर दगड आणि झाडं टाकून बसणं हा रूढ मार्ग आहे. गेल्या काही वर्षांत डिझेलच्या टंचाईनेही गाड्या आणि होड्या खोळंबल्या. निघण्याआधी सरकारी रस्ते विभागाचा ऑनलाइन नकाशा बघा. अडकलातच तर आंदोलकांशी वाद घालू नका. बरेचदा लोक सामान घेऊन पायी पलीकडे जातात आणि तिकडची गाडी धरतात. परतीच्या आंतरराष्ट्रीय विमानाआधी किमान दोन दिवस मोकळे ठेवा, ते ह्यासाठीच.

गावातला पहिला दिवस

पहिल्याच दिवशी जंगलात पळू नका. सामान टाका आणि मोटारसायकल-टॅक्सी धरून गावात फिरा. अंतरं चालण्यासारखीच आहेत, पण दुपारचं ऊन चालू देत नाही. नदीकाठी बसा आणि होडीने सान बुएनाव्हेंतुराला जाऊन या. मादिदी राष्ट्रीय उद्यानाचं कार्यालय त्या काठावर आहे. उद्यानाचं प्रवेशशुल्क वेगळं असतं. सहल आयोजकाने ते भरलंय असं सांगितलं तर पावती मागा.

रविवारचा बाजार चुकवू नका. आजूबाजूच्या वस्त्यांमधून ताकाना, चिमाने, मोसेतेन ह्या आदिवासी समाजांची कुटुंबं केळी, युका (कसावाचा कंद), लिंबं, विणलेल्या टोपल्या घेऊन येतात, आणि अँडीजवरून खाली येऊन वसलेल्या बायका बटाटे आणि लोकरीचे कपडे विकतात. विकणारीला 'कासेरा' म्हणून हाक मारायची. कुठल्याही दुकानात शिरताना आधी 'बुएनोस दियास', दुपारनंतर 'बुएनास तार्देस'. थेट भाव विचारणं उद्धटपणाचं वाटतं. माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका, विशेषतः वस्त्यांवर.

इंग्रजी फार कमी लोकांना येतं. हिब्रू पाट्या मात्र दिसल्या तर चकित होऊ नका. १९८१मध्ये एक इस्रायली तरुण तुईची नदीच्या जंगलात तीन आठवडे हरवला आणि वाचला. त्याची गोष्ट इस्रायलमध्ये इतकी गाजली की तिथले लष्करी सेवा संपवलेले तरुण वर्षानुवर्षं रुरेला येत राहिले.

मोबाइलसाठी एन्तेल कंपनीचं सिम ला पासमध्येच घ्या. गावाबाहेर गेलात की तेही बंद पडतं. घरच्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर तिकडे देव पाण्यात घालून बसतील.

पाम्पास की जंगल?

नवख्याची खरी पंचाईत इथे होते. दुकानांच्या फळ्यांवर दोन नावं लिहिलेली असतात, 'पाम्पास' आणि 'सेल्वा'. किमती जवळपास सारख्या, फोटो दोन्हीकडे सुंदर, अनुभव मात्र पूर्ण वेगळे.

पाम्पास म्हणजे पाणथळ गवताळ प्रदेश. गावाहून गाडीने सांता रोसा दे याकुमा गाठायचं आणि तिथून लांबट होडीने याकुमा नदीवर जायचं. इथे झाडी विरळ असल्याने प्राणी डोळ्यांसमोर दिसतात: काठावर मगरींच्या कुळातले केमन, चिखलात लोळणारे कॅपिबारा, फांद्यांवर खारमाकडं, आणि 'सेरेरे' म्हणजे होआत्झिन हा तुरेवाला पक्षी, जो पानं खाऊन ती गाईसारखी आंबवून पचवतो. नशीब असेल तर गुलाबी डॉल्फिन. त्यांना इथे 'बुफेओ' म्हणतात, आणि २०१२मध्ये बोलिव्हियाने त्यांना कायद्याने नैसर्गिक वारसा जाहीर केलं.

सेल्वा म्हणजे घनदाट वर्षावन, मुख्यतः मादिदी. १९९५मध्ये स्थापन झालेलं हे उद्यान सुमारे १९,००० चौरस किलोमीटरचं, म्हणजे आपल्या अख्ख्या अहिल्यानगर जिल्ह्याहून मोठं. सखल जंगलापासून हिमाच्छादित शिखरांपर्यंत सगळं त्यात येतं, म्हणूनच हजारावर जातींचे पक्षी इथे आहेत. इथे सापडलेल्या टिटी माकडाच्या एका नव्या जातीला नाव देण्याच्या हक्काचा २००५मध्ये लिलाव झाला. एका ऑनलाइन जुगार कंपनीने साडेसहा लाख डॉलर मोजून आपलं नाव त्याला चिकटवलं. पैसे उद्यानाच्या राखणीला गेले, माकडाची त्यात काही हरकत दिसली नाही.

पण ह्या जंगलात प्राणी सहज दिसत नाहीत, हे नीट समजून जा. तुम्ही आवाज ऐकता, ठसे बघता, झाडांच्या साली हुंगता. वाटाड्या चांगला असेल तर एका वारुळापाशी अर्धा तास जातो. प्राण्यांची यादी भरायची असेल तर पाम्पास घ्या, जंगल कसं चालतं ते समजून घ्यायचं असेल तर सेल्वा. आठवडा असेल तर दोन्ही करा, आधी पाम्पास. आधी जंगल केलं की याकुमावर प्राणी इतके सोपे वाटतात की किंमत राहत नाही.

कोणाबरोबर जायचं

सर्वांत स्वस्त सहल घेऊ नका. पैसे वाचवायला आयोजक होडीत जास्त माणसं कोंबतात, अननुभवी वाटाड्या पाठवतात, आणि गिऱ्हाईक खूश व्हावं म्हणून ॲनाकोंडा पकडून गळ्यात घालायला देतात. तुमच्या हातावरच्या डासविरोधी मलमाने त्या सापाची कातडी खराब होते. माकडांना केळी देणं, केमनला मांसाचे तुकडे दाखवून जवळ बोलावणं हेही त्यातलंच. ठरवताना विचारा: होडीत किती माणसं? लाइफ जॅकेट सगळ्यांना? वाटाड्या कोणत्या गावचा? कचरा परत आणता का? शेवटच्या प्रश्नावर दुकानदार गोंधळला तर पुढचं दुकान बघा.

जंगलासाठी मी आदिवासी समाजाने स्वतः चालवलेली निवासं सुचवेन. सान होसे दे उचुपियामोनास हे तुईचीच्या वरच्या अंगाचं केचुआ-ताकाना गाव. १९९०च्या दशकात रोजगाराअभावी तिथली कुटुंबं बाहेर पडू लागली, तेव्हा गावाने बाहेरच्या संस्थांची मदत घेऊन एका तळ्याकाठी चालालान हे निवास उभारलं आणि पुढे ते स्वतःच्या ताब्यात घेतलं. तिथे पोचायला रुरेहून होडीने पाच-सहा तास लागतात. इतका वेळ नसेल तर ताकानांचं सान मिगेल देल बाला होडीने तासाभराच्या आत आहे. पिलोन लाहास ह्या राखीव क्षेत्रात चिमाने-मोसेतेन लोकांचं मापाहो आहे. किंमत इतरांपेक्षा चढी असते, पण पैसा वस्तीत जातो. आगी, पूर आणि महामारी यांतून ही निवासं गेली आहेत, तेव्हा आधी संदेश पाठवून चालू आहेत ना, ते विचारा.

जंगलात वावरताना

पूर्ण बाह्यांचे सैल, फिकट रंगाचे कपडे. गडद रंगावर डास जास्त बसतात. गमबूट बहुतेक निवासांत मिळतात, मोठ्या मापाचे पाय असतील तर आधी कळवा. रोज सकाळी बूट उलटे करून झटका. रात्री विजेरी डोक्याला बांधायचीच हवी, हात मोकळे राहतात. कागदपत्रं, औषधं, फोन हे सगळं प्लास्टिकच्या घट्ट पिशवीत.

डासांपेक्षा नदीकाठचे 'मारिगुई' जास्त छळतात. ह्या टाचणीच्या डोक्याएवढ्या माश्या दिवसा चावतात, रक्ताचा ठिपका सोडतात आणि मग चार दिवस खाज. खाजवलं की पिकतं. चावलेली एखादी जागा आठवडे उलटूनही भरत नसेल तर परतल्यावर त्वचारोगतज्ज्ञांना जंगलात गेल्याचं आवर्जून सांगा. सँडफ्लाय ह्या बारीक माशीमुळे होणारा लेशमानियासिस हा आजार ह्या भागात आहे आणि आपल्याकडे तो चटकन लक्षात येत नाही. ताप आला तर डेंगी आणि मलेरिया दोन्हींची तपासणी.

वाटेत आधारासाठी झाड पकडायचं नाही. 'पालो सांतो' नावाच्या झाडात जहाल मुंग्या राहतात. वाटाड्याने हात वर केला की थांबायचं, प्रश्न नंतर.

खाण्याचं

मांसाहारी लोकांची चैन आहे. 'दुनुकुआबी' मागा: नदीतला मासा पानात गुंडाळून निखाऱ्यावर भाजलेला. केळीच्या पानात मासा भाजणाऱ्या कोकणी माणसाला ती पुडी उघडताना माहेरचा वास येईल. 'माहादितो' हा सुक्या मांसाचा मऊ भात, 'मासाको' हा कुटलेल्या केळ्यांचा किंवा युकाचा नाश्ता, 'कुन्यापे' म्हणजे चीज आणि युकाच्या पिठाचे गरम गोळे. एक इशारा: वरच्या भागातल्या सोन्याच्या खाणींमुळे बेनीच्या पाण्यात पारा उतरतो आणि सुरुबीसारख्या मोठ्या शिकारी माशांत साठतो. चार दिवसांच्या पाहुण्याने फार घाबरू नये, पण गर्भवती स्त्रियांनी हे मासे टाळावेत.

शाकाहारी असाल तर 'सिन कार्ने' (मांस नको) एवढंच म्हणून थांबू नका, कोंबडी येऊ शकते. 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो' (मांस, कोंबडी, मासा नको) असं तिन्ही म्हणा. भात, अंडं, तळलेली केळी, युका, कोशिंबीर मिळते. सूप बहुधा हाडांचंच असतं. निवासाला आठवडाभर आधी कळवलं तर ते व्यवस्था करतात. मेतकूट, लोणचं, चटणीची पुडी सोबत असू द्या. दोन दिवस भात-केळी झाल्यावर त्यांचं मोल कळतं. पाणी बाटलीतलं किंवा गाळलेलंच.

गप्पांत जपून

नदीच्या वर एल बाला नावाची अरुंद घळ आहे. तिथे आणि आणखी वर चेपेते इथे मोठी धरणं बांधायचा सरकारी विचार जुना आहे. २०१६मध्ये काठावरच्या समाजांनी नदीतच ठाण मांडून सर्वेक्षण करणाऱ्यांना रोखलं. धरण, सोनं आणि उद्यान ह्या विषयांवर एकाच घरात दोन मतं असतात. वाटाड्या मोकळेपणाने बोलतो, पण बाजारात आपण होऊन विषय काढू नका. ऐकायला मिळालं तर ऐका.

परतताना

सखल भागातून एकदम ला पासला चढताना उंचीचा त्रास पुन्हा होतो, आणि तेव्हा आपण बेसावध असतो. पहिला दिवस पुन्हा आरामाचा ठेवा.

खरेदीत जग्वारचे दात, मकाव पोपटांची पिसं लावलेले हार, कातडी असं काही पुढे केलं तर 'ग्रासियास' म्हणून पुढे चला. जग्वारच्या सुळ्यांची चोरटी निर्यात ह्या भागात खरोखर चालते आणि पकडलं गेल्यावर 'आठवण म्हणून घेतलं' हे उत्तर कोणी ऐकत नाही. कोकाची पानं आणि कोका चहाच्या पुड्याही बोलिव्हियाच्या बाहेर नेऊ नका, मधल्या विमानतळावरच अडकाल. घ्यायचंच तर स्थानिक कोकोचं चॉकलेट, कारानाव्हीची भाजलेली कॉफी किंवा बाजारातली विणलेली टोपली घ्या. टोपली बॅगेत भरण्याआधी उन्हात झटकून घ्या, आत कोणी राहत असतं.